तैमीनं तळ्यापार नेलेला लॉज

तैमी हेइक्कुरिनेन आमच्या गावाबाहेरच्या लॉजमध्ये एकतीस वर्षं राबली. ओंडक्यावर ओंडका रचून बांधलेला, तळ्याकाठचा लॉज. स्वयंपाक तिचा, शेगड्या तिच्या, छपरावरचा बर्फ लोटणंही तिचंच. म्हातारा मालक वारला. मुलगा हेलसिंकीत. त्याला ना लॉजशी देणंघेणं, ना मागच्या जंगलाशी. त्यानं दोन्ही विकायला काढलं आणि गिऱ्हाइकांना जागा दाखवायचं काम, अर्थात फुकटात, तैमीच्या गळ्यात मारलं.

यार्क्को सिल्व्हर आला तो माझ्याच टॅक्सीतून. जिभेवर साखर. "गुंतवणूक म्हणून घेतोय, पण मलाही मन आहे हो," म्हणाला. तैमीनं त्याला अख्खं जंगल फिरवलं. रानकोंबडे वसंतात कुठं नाचतात ते दाखवलं. दलदलीतली पिवळी रानफळं कुठं पिकतात तेही दाखवलं. ती जागा तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती! जाताना तो म्हणाला, "तैमी, इथलं पानही हलणार नाही. लॉज तुम्हीच चालवायचा."

आणखी एक जोडपं विचारत होतं. पण तैमीनंच मालकाच्या मुलाला फोन केला, "सिल्व्हरला दे. माणूस भला आहे."

ऑगस्टमध्ये खरेदी झाली. नोव्हेंबरात जमीन गोठली आणि झाडं तोडायची यंत्रं आली. एकेक यंत्र झाड कवेत धरतं, कापतं, फांद्या खरवडतं, तुकडे करतं, आणि हे सगळं मिनिटभरात. बारा दिवसांत लॉजमागची जंगलाची टेकडी भादरून झाली. लॉज उघडाबोडका उभा.

तैमीनं फोन लावला तेव्हा मी शेजारीच होतो.

"कायद्यानं सगळं बरोबर आहे," सिल्व्हर म्हणाला. "लाकडातच माझे पैसे सुटले. लॉज वसंतात पाडणार. झाडंच नाहीत, तर पाहुणे काय बघायला येतील?"

"झाडं तोडली कुणी रे?"

"तुमचा एवढा जीव आहे तर लॉज घेऊन जा. पाडायचा खर्च तरी वाचेल माझा." आणि हसला.

"लिहून दे," तैमी म्हणाली.

त्यानं दिलंही. वाटलं असेल, म्हातारी चार खिडक्या नेईल.

कायद्यानं बरोबर! ते शब्द आठवले की आजही माझं डोकं फिरतं. एका बाईनं तुम्हाला जंगलाचं काळीज काढून दाखवलं, आणि तुम्ही चालता चालता खोडं मोजत होतात? याला कुठलं कलम लागतं ते मला सांगा.

गावातही सगळे धुतल्या तांदळासारखे नव्हते. दुकानात एकीनं टोमणा मारलाच, "शिफारस तुझीच होती ना गं?"

"माझीच होती," तैमी म्हणाली. "म्हणून पहिला ओंडका मी उचलणार. दुसरा तू उचल."

ओन्नी सुतार चौऱ्याहत्तरचा. लॉजभोवती फिरून तो म्हणाला, "याला पाडायचं कशाला? भिंतींत एक खिळा नाही. वरून उतरवत जाऊ." त्यानं प्रत्येक ओंडक्यावर भिंतीचं अक्षर नि आकडा रंगवला. फेब्रुवारीत तळ्याचा बर्फ हातभर जाड झाला, तेव्हा ओंडके घसरगाड्यांवर लादून, ट्रॅक्टरनं ओढत तळ्यापार गावात आणले. तैमी प्रत्येक खेपेबरोबर बर्फावरून चालली. "गाडीत बस," मी टॅक्सीतून ओरडायचो. "तू बस," ती म्हणायची, "मला राग आलाय. बसवत नाही."

शाळेजवळ गावानं जागा दिली. उन्हाळाभर आम्ही ओंडक्यांच्या फटींत शेवाळ ठासलं. टोमणा मारणारीची नखं सगळ्यांत काळी झाली होती. छप्पर चढायला दुसरं वर्ष उजाडलं.

त्यानंतरच्या जुलैत सिल्व्हर पुन्हा आला. लॉजभोवती हिंडला, भिंतींवरून हात फिरवला. "सुंदर! इथं धंदा होईल. विकणार का?"

आमच्याकडे दारात आलेल्याला कॉफी मिळतेच, मग तो करवसुलीवाला का असेना. किटली समोर वाफाळत होती. तैमीनं मला ओतली, ओन्नीला ओतली, स्वतःला ओतली आणि किटली आत नेऊन ठेवली.

सिल्व्हर माझ्या टॅक्सीकडे वळला. मग मला म्हणाला, "स्टेशनला सोडता?"

"चालत जा," मी म्हणालो. "सतरा किलोमीटर आहे. वाटेत सावली नाही."

तैमी त्या टेकडीकडे अजून जात नाही. तिथं नवी रोपं लावलीत, गुडघ्याएवढी झालीत म्हणतात. ती मोठी होतील तेव्हा आमच्यातलं कुणी नसेल.