आत माणूस असताना पाटी

सर्व्हरवरची जागा संपते, पण सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या फजितीला कधीच जागा कमी पडत नाही. दोन हजारच्या दशकात दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी हे काम करायचो. मालक दोघे भाऊ, दामूशेठ आणि धाकटे किसनशेठ. तिथलं आठवलं की आजही कान गरम होतात!

*

एकदा भर दुपारी कुणाचीच बिल्टी, म्हणजे मालाची पावती, सेव्ह होईना. मी वायरी उपटल्या, स्विच बदलला, लाइटवाल्यांना शिव्या घातल्या. शेवटी बिलिंगच्या सुनंदाताई हळूच म्हणाल्या, "मी फक्त स्पेलिंग सुधारलं हो!" सगळे आत काम करत असताना त्यांनी फोल्डरचंच नाव बदललं होतं. आणि तसं बदलू देणारी सेटिंग माझीच!

*

मग मी सेटिंग बदलली. आतली एक जरी फाइल कुठे उघडी असली, तरी फोल्डरचं नाव बदलणार नाही. दामूशेठना ऐटीत समजावलं, "आत माणूस बसलेला असताना बाहेरची पाटी बदलायची नाही."

शेठ म्हणाले, "मंग ही सेटिंग आमच्या गोडाऊनला पन बसव की! भाडेकरू तोच, पाटी रोज नवी!"

*

एका पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, फोल्डरला मी गमतीत 'कटकट' नाव दिलं होतं. एके दिवशी ती पार्टीच सुनंदाताईंच्या खुर्चीमागे येऊन उभी! मी धावत जाऊन नाव बदलायला लागलो. बदलेना. ताईंनी त्या पार्टीचंच बिल उघडलं होतं ना! पार्टीने शांतपणे विचारलं, "ये कटकट हम ही हैं क्या?"

*

पुढे भावाभावांत बिनसलं, वाटण्या ठरल्या. दामूशेठ सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तो 'दामू-किसन' फोल्डर हाय ना, त्याच्या नावातला किसन काढून टाक." किसनशेठ तिथेच खाली मान घालून बसले होते.

सर्व्हर नाही म्हणाला. आतली फाइल कुणाकडे तरी उघडी होती.

मला वाटलं, हे किसनशेठचंच काम. सगळ्यांदेखत बोललो, "किसनशेठ, मुद्दाम अडवून काय मिळणार? बंद करा ना फाइल!" त्यांचा कॉम्प्युटर सकाळपासून चालूच नव्हता, हे मला नंतर दिसलं.

कुठे काय उघडं आहे ते सर्व्हरवर पाहिलं, आणि सवयीने मोठ्याने वाचलं, "दोघा भावांचा पहिल्या टेम्पोसोबतचा फोटो. दामूशेठची केबिन."

लाजेने मला कुठे बघावं कळेना. मी पुटपुटलो, "बंद करू का, शेठ?"

दामूशेठ केबिनकडे वळले होते, तसेच पाठमोरे थांबले.

"ऱ्हाऊ दे. आत मानूस हाय."