फक्रुद्दीन मिस्त्रीची चंद्रकोर

मंगळवार पेठेत फक्रुद्दीन मिस्त्रीचं दुकान विचारलं तर लोक हसून सांगतात, "त्यो व्हय, भित्रा बंदूकवाला!" चाळीस वर्षं परवान्यावर बंदुका दुरुस्त करणारा हा माणूस दिवाळीच्या फटाक्यांना दचकतो आणि खाकीतला पोस्टमन दारात आला तरी आधी पाण्याचा तांब्या मागतो. हात मात्र असा, की रुसलेली बाराबोर बंदूक त्याच्या मांडीवर आली की गुमान सुधारते.

या घराण्याला आजोबांपासूनची एक खोड आहे. काम पुरं झालं की पोलादी ठसा ठेवायचा आणि हातोडीचा एकच टोला द्यायचा. उमटते ती बारीक चंद्रकोर. तिच्याशिवाय वस्तू उंबरा ओलांडत नाही. मिस्त्रीचा हात डोक्याला न विचारताच ठसा उचलतो, आणि तिथंच घात झाला.

राजारामपुरीतला राजवर्धन हा बिल्डरचा मुलगा. नेमबाजीचा भारी शौकीन. परदेशात नवी रायफल निघाली की पहिली बातमी याच्या मोबाइलवर. गेल्या महिन्यात तो एका नळकांड्याचं चित्र काढलेला कागद घेऊन आला. "चाचा, नळीच्या तोंडाला वजन पायजे. नेम हलतोय." मिस्त्रीनं नळकांडं करून दिलं. आतल्या चकत्या कशाला, हे त्याला कळलं नव्हतं, पण मोठ्या घरच्या पोराला विचारायचं धाडस झालं नाही. चंद्रकोर मारली आणि देऊन टाकलं.

परवा दुपारी जेवताना नात सना फोनवर परदेशातलं बंदुकांचं प्रदर्शन बघत होती. पोरगी एअर रायफल खेळते. "नाना, ह्यो बघा सायलेन्सर. गोळी सुटली तरी शेजारच्याला पत्ता लागत न्हाय."

मिस्त्रीनं बघितलं आणि हातातला घास ताटात ठेवला. तेच नळकांडं! सायलेन्सर केला म्हणजे परवाना जाणार आणि वर तुरुंग, एवढा कायदा त्याला पाठ होता. उद्या कुठं मुडदा पडला तर पोलिसांना फार शोधावं लागणार नव्हतं. सगळ्या जिल्ह्यात चंद्रकोर एकाचीच.

"शिक्का कशाला मारलासा?" बायको नजीरानं कपाळावर हात मारला.

"सवय गं," म्हणाला आणि रडला. एकसष्ट वर्षांचा माणूस, ताटावर बसून रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठसा खिशात घालून तो राजारामपुरीला निघाला. ठसा घरात ठेवायचीही भीती वाटत होती. वाटेत दोनदा परत फिरला. खरं सांगून हे पोर ऐकणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यानं आपल्याच कामाला नाव ठेवलं.

"मालक, त्या नळकांड्याचा आटा माझ्याकडनं चुकलाय. पुढचा बार तोंडावर फुटंल, डोळा जाईल. द्या परत."

राजवर्धनचा चेहरा पांढराफटक पडला. धावत आत जाऊन त्यानं नळकांडं फडक्यात गुंडाळून आणलं. मिस्त्रीनं ते चाचपलं. चंद्रकोर अंगठ्याला लागली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन करवतीनं तुकडे केले की सुटलो, असं मनात म्हणत तो वळला.

"पर चाचा, मग बाकीच्यांचं काय?"

"कुठल्या बाकीच्यांचं?"

"दोस्तांस्नी पायजे हुतं. तुमचा नमुना इचलकरंजीला नेला. तिथं यंत्रमागाचं पार्ट करत्यात न्हवं का, त्यांच्याकडनं सहा करून घेतलं."

मागाचे पार्ट करणाऱ्यांची रीत मिस्त्रीला माहीत होती. नमुना जसा येईल तसाच उतरवायचा. नमुन्याला ओरखडा असेल तर मालालाही ओरखडा.

"शिक्का?" त्यानं विचारलं.

"हाय की, सगळ्यांवर! एकदम कंपनीचा माल दिसतोय."

मिस्त्री रिक्षात कसा बसला, ते त्यालाही सांगता येणार नाही. "कुठं सोडू, चाचा?" रिक्षावाल्यानं विचारलं. मंगळवार पेठ ओठावर आलं होतं.

"पोलीस ठाण्यात," तो म्हणाला.

तिथं त्यानं नळकांडं आणि ठसा टेबलावर ठेवला. ठसा घरंगळून खाली पडला. हवालदारानं तो उचलून विचारलं, "काय हाय हे?"

"माझं नाव हाय, साहेब. आणि सहा बाहेर फिरत्यात. लवकर शोधा. वाजली तर कुणाला ऐकू येणार न्हाय."