साळुबा गुरुजींची खडकांची वही

धावड्याच्या आमच्या शाळेत फळ्यावर तारीख, वार, पट आणि त्याखाली भरती-ओहोटीची वेळ असे. समुद्र इथून तीनदा एसटी बदलावी एवढा लांब. पण साळुबा गुरुजी कॅलेंडरवरची तिथी बघत, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत आणि वेळ लिहीत. पारावरची मंडळी चेष्टेनं विचारत, "गुरुजी, आज पाणी चढून राह्यलं का उतरून राह्यलं?" गुरुजी मनापासून उत्तर देत.

त्यांची पहिली नेमणूक कोकणातली. आमच्याकडचे कितीतरी शिक्षक तिकडं जातात आणि बदलीचे अर्ज करत दिवस ढकलतात. हे अठरा वर्षं राहिले. आईच्या आजारपणापायी बदली घेतली, एवढंच. "मी तिथून आलो सर, पण निघालो न्हाई," असं ते मला, त्याच शाळेतल्या सहशिक्षकाला, म्हणत.

ते गाव दोन डोंगरांच्या मधे शिरलेल्या समुद्राकाठी. पाणी ओसरलं की तिथले खडक उघडे पडतात. प्रत्येकाला नाव आहे. कोणत्या खडकाखाली काय मिळतं, कोणत्या महिन्यात हात लावायचा नाही, कुठं नारळ ठेवायचा, हे तिथल्या बायकांना ठाऊक. कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणाऱ्या पार्वतीकाकींनी हे सगळं गुरुजींना सांगितलं आणि त्यांनी वहीत उतरवलं. अट एकच: नावं खुशाल सांगा, पण खाली काय मिळतं ते गावाबाहेर जाता कामा नये. बाहेरच्यांना कळलं की एका हंगामात खडक बोडका.

मग एक दिवस त्या गावातून फोन आला. तिथं मोठी जेटी होणार होती, खडक सुरुंगानं उडवणार होते. अहवालात लिहिलं होतं, खडकांवर जपण्यासारखं काही नाही. शुक्रवारी जनसुनावणी. वही घेऊन या, कारण लिहिलेलं असं गावाकडं तेवढंच आहे.

गुरुजींचं जेवण सुटलं. फळ्यावर भरतीच्या जागी ओहोटी लिहू लागले आणि पोरांनी सांगेपर्यंत त्यांच्या लक्षातही येईना. मधल्या सुट्टीत माझ्यापाशी येऊन बसत. "सांगावं तं शब्द जातो, न्हाई सांगावं तं खडक जातात. सर, काय करू?" मला काय कळणार! मी समुद्र पाहिला तो एकदाच, तोही अर्धा तास. पण माणूस वाटेत कोसळेल या भीतीनं मी सोबत गेलो. वही त्यांनी सदऱ्याच्या आत ठेवली होती आणि गाडीत दर थोड्या वेळानं ती चाचपून बघत होते.

सुनावणीत गुरुजींनी खडकांची नावं वाचली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी सभ्यपणे विचारलं, "नुसत्या नावांनी काय होणार, गुरुजी? तिथं मिळतं काय?"

गुरुजींनी वही मिटली. "ते मला सांगता येत न्हाई, साहेब. मी शब्द देऊन बसलोय."

मांडवात गलका झाला. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा रागच आला. एवढ्या लांबून येऊन हा माणूस गावाला बुडवतो की काय!

मागच्या रांगेतून पार्वतीकाकी उठल्या. "मास्तरान शबूद पाळल्यान. आता मी सांगतंय, लिवन घ्या." त्यांनी पहिल्या खडकापासून सुरुवात केली. त्या थकल्यावर दुसरी बाई उठली, मग तिसरी. लिहिणाऱ्या कारकुनाची धांदल उडाली.

बाहेर गाव आनंदात होतं. गुरुजी एका होडीच्या आडोशाला रडत होते. "खडक वाचतीलही सर. पण आता ठिकाणा समद्यांना कळला."

निकाल अजून लागलेला नाही. गुरुजी यंदा निवृत्त झाले. आम्हाला वाटलं, आता निवांत घरी बसतील. तर एका सकाळी त्यांच्या घरी गुरुजींच्या पत्नी बाजरीचं पोतं शिवताना दिसल्या आणि अंगणात सामान बांधून ठेवलेलं. मी म्हटलं, "अहो, या वयात तिकडं जाऊन करणार काय?"

गुरुजी दोरीची गाठ आवळत म्हणाले, "पार्वतीकाकीनं मला शब्दातून सोडवलं, सर. मंग त्या खडकांवर पहारा तरी मी द्यावा का न्हाई?"