‘शन’ची वही आणि एक फाईल

बाळांनो, मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर मी म्हणाले, “लाइटचं कनेक्शन गेलंय, त्याचंच टेन्शन आहे,” तर तुम्ही दोघं हसलात. आजी मराठी बोलतेय की इंग्रजी, असं विचारलंत. जन्मभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी एक वही आखली आणि बीडच्या बाजारात, एसटीत, गल्लीत कानावर पडणारे, ‘शन’ने संपणारे इंग्रजी शब्द टिपायला लागले.

वहीत तीन रकाने आहेत. हा प्रत्यय क्रियापदाला लागला की नाम तयार होतं, पण ते तीन तऱ्हांनी वागतं. कधी ते नुसतं करणं असतं: इलेक्शन, ॲडमिशन. कधी करून झाल्यावर हाती राहिलेली वस्तू: नळाचं कनेक्शन. आणि कधी माणसाची झालेली अवस्था: टेन्शन, इन्फेक्शन. रेशन आणि स्टेशन कुठेच बसेनात, त्यांना शेवटच्या पानावर जागा दिली. ऑपरेशन मी पहिल्या रकान्यात लिहिलं होतं.

गणपती उठले त्या आठवड्यात आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई पदराखाली एक फाईल घेऊन आली. तिशीही झाली नसेल तिची. दोन लेकरं आहेत. दर दसऱ्याला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते.

“बाई, काय लिव्हलंय बघा बरं. गर्भाची पिशवी काढायची म्हन्त्यात. सोमवारी बोलावलंय.”

“दुखतं का?”

“लई दिवस झाले. अंगावरून जातंय. माज्या जावंची काढली, नंदंची काढली. एकदा काढली की पाळीची कटकट न्हाई, उसाच्या फडात खाडा न्हाई.”

हे ती पावसाळ्याआधी छप्पर शाकारून घ्यावं तशा सुरात म्हणाली. तिच्या वस्तीवर तोडीला निघण्याआधी ते उरकून घेतात.

मी चष्मा लावला. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्याचा कागद होता. वर इन्फेक्शन, खाली ऑपरेशन आणि सोमवारची तारीख. मधे मेडिकेशन असा छापील शब्द आणि त्यापुढची ओळ कोरी. मी फाईल पुढून मागून दोनदा चाळली. गोळीचं एकही नाव नव्हतं.

मला शब्द कळतात, रोग कळत नाही. थांब म्हणावं आणि हिचं काही बरंवाईट झालं तर? जा म्हणावं, तर ती कोरी ओळ डोळ्यांपुढून हलेना. शेवटी म्हणाले, “सोमवारच्या आधी बीडला दुसऱ्या डॉक्टरणीला दाखवू. मी येते.”

“घरचे म्हन्तील, शाळेतल्या बाईचं ऐकून बसली.”

“म्हणू देत.”

“तुमाला काय, तुमी थोड्याच फडात जानार.”

तरी शुक्रवारी ती आली. डॉक्टरणीने तपासलं, सोनोग्राफी केली, मग मला नाही, तिलाच समजावून सांगितलं. पिशवी चांगली आहे. जंतुसंसर्ग झालाय, नवरा-बायको दोघांनी औषध घ्यायचं. पंधरा दिवसांनी परत दाखवायचं. या वयात पिशवी काढली तर हाडं लवकर ठिसूळ होऊ शकतात, हेही सांगितलं. ती मान हलवत राहिली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “हाडाचं कुनीच न्हाई सांगितलं.”

सोमवार ऑपरेशनविना गेला. मंगळवारी तिचा नवरा फाटकात उभा.

“बाई, दसऱ्याला टोळी निघनार. मधी हिचं दुखलं, तर तुमी येनार का कोयता घिऊन?”

मी विचारलं, “तुमच्या गोळ्या घेतल्या का?”

तो ओशाळून हसला. “मला कशापायी? मला काय झालंय?” त्याला समजवायला दोन कप चहा लागला.

ते पंधरा दिवस मी झोपेचं सोंगच घेत होते. रोज सकाळी ती आली की तिच्या चालण्याकडे आधी बघायचे. एकदा ती कंबरेवर हात ठेवून ओट्याशी उभी राहिली आणि माझ्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. “वाकून अवघडलं हो,” ती म्हणाली, “तुमचंच दुखनं जास्ती दिसतंय.”

तपासणीत बरीच सुधारणा निघाली. दसऱ्यानंतर ती टोळीबरोबर गेली. जाताना तिने दोन्ही दवाखान्यांच्या फाइली पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी ठेवल्या.

परवा तिचा फोन आला. दुखत नाही म्हणाली. मग विचारलं: “इथल्या बाया म्हन्त्यात, आता न्हाई दुखत तर पुढं दुखंल, काढून टाक. सासूबी तेच म्हन्ती. मी काय सांगू?”

“डॉक्टरणीने काय सांगितलं होतं, ते सांग.”

“हाडाचं?”

“हाडाचं. आणि पिशवी चांगली आहे, हेही.”

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज आला आणि फोन कटला. त्यानंतर मी दोनदा लावला, लागला नाही. वही टेबलावर उघडी आहे. ऑपरेशनच्या पुढे मी पेन्सिलने एक बारीक टीप लिहिली आहे: हे करायचं कुणी ठरवलं, ते आधी विचारावं. फोन उशाशी ठेवते. तुमचा आला तरी आधी दचकते, म्हणून हे लिहिलं.