आमच्या वन्सं आणि त्यांचे गुप्त जंतू

अख्ख्या जालना जिल्ह्यात जंतूंवर एवढा जीव लावणारं माणूस एकच, आणि ते माझ्या वाट्याला थोरली नणंद म्हणून आलं. वन्सं सूक्ष्मजीवशास्त्रातल्या डॉक्टर. जालन्याच्या मस्तगड भागात त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. पण त्यांची खरी माया गुप्तरोगांच्या जंतूंवर. ज्या रोगांचं नाव काढताना माणसं आधी दार लावतात, त्यांची नावं वन्सं मेथीच्या जुडीचा भाव विचारावा तशा खणखणीत आवाजात घेतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा लॅबमध्ये गेले, तर "जल्दी ये, जल्दी!" म्हणत त्यांनी मला थेट मायक्रोस्कोपवर वाकवलं. "दिसले का गुलाबी, जोडीजोडीनं बसलेले? वालाच्या डाळिंब्या समोरासमोर ठेवाव्या तसे? हा परम्याचा, म्हणजे गनोरियाचा, जंतू. पुवाच्या पेशीत बिऱ्हाड करून राह्यलाय बघ!" नव्या वहिनीला नणंदा साडी देतात, मला हे दर्शन घडलं. एकदा त्यांच्या वाढदिवसाला केक आणला, तर त्यातली मेणबत्ती उचलून त्या लॅबमध्ये पळाल्या. परम्याचा जंतू वाढवायच्या प्लेटा ठेवलेल्या बरणीत मेणबत्ती लावून झाकण घट्ट बसवायचं होतं, म्हणजे आतली हवा कोंदट होते. "त्याला तशीच मानवते," त्या केक खाता खाता म्हणाल्या.

एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेल्ते, तेव्हा केदारखेड्याची एक गरोदर पोर नवरा आणि सासूसोबत आल्ती. गावाकडच्या तपासणीत तिच्या रक्तात गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, संशय निघाला होता. सासूनं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "हिला आजच माहेरी धाडते. असला रोग आमच्या घरात न्हाई."

"मावशी, जंतू घर विचारून येत न्हाई," वन्सं म्हणाल्या. "पहिली तपासणी कधीकधी चुकते, गरोदरपणात तर जास्तच. मी दुसरी करते. आणि तुमच्या लेकाचंही रक्त घेते."

"मला काय झालंय?" नवरा उसळला. "अंगावर पुरळ न्हाई, दुखणं न्हाई!"

मग काय, वन्संना विषय मिळाला! डोळे चमकले, हात नाचायला लागले. "अहो, हाच तर त्याचा कावा! आधी एक फोड येतो, दुखत न्हाई, आपोआप बसतो. माणूस म्हणतो, गेला. तो कुठला जातो? आत मुक्काम ठोकून बसतो, आईकडून पोटातल्या लेकराकडं जातो. पण आता सापडला तर पेनिसिलिनपुढं टिकत न्हाई!"

नवऱ्यानं मुकाट बाही वर केली.

दुसऱ्या तपासणीतही रोग निघाला. दोघांनाही. वन्संनी आधी दोघांनाच आत बोलावलं. बाहेर आल्यावर नवरा खाली बघत म्हणाला, "आई, तिला कुठं धाडायचं न्हाई. माझ्याकडूनच गेलंय ते." म्हातारी बाकावरून उठली. मग सुनेच्या खांद्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "चल, सुई घेऊ."

दोघांनीही दवाखान्यात उपचार पुरे केले. पुढं बाळ झालं, त्याचीही तपासणी झाली, आणि ते ठणठणीत निघालं. त्या दिवशी वन्संनी गल्लीभर पेढे वाटले. कशाचे, ते कुणाला सांगायची सोय नव्हती. लोकांनी आपापले अंदाज बांधले, शेजारच्या काकू तर "उशिरा का होईना, स्थळ आलं!" म्हणून वन्संच्या गळ्यात पडल्या. वन्संनी तेही आनंदानं मान्य केलं.

परवा चतुर्थीला आम्ही राजूरला गेलो होतो. गणपतीच्या रांगेत ती पोर दिसली. कडेवर गुटगुटीत लेकरू. तिची नजर वन्संवर पडली, क्षणभर थबकली, आणि तिनं पदर पुढं ओढून तोंड फिरवलं. मला वाईट वाटलं. एरवी रस्त्यापलीकडून हाका मारणाऱ्या वन्संही गप्पच होत्या.

"ओळख तरी दाखवायची तिनं," मी पुटपुटले.

"कुणी?" वन्सं म्हणाल्या. "मी न्हाई ओळखत तिला." आणि रांग पुढं सरकली तरी त्या तिथंच उभ्या राहून, गर्दीत त्या लेकराचं टोपडं दिसेनासं होईपर्यंत बघत राहिल्या.