माझ्या वाट्याची शिवी

वैशाखात आटलेल्या नदीच्या वाळूला एक करपट, उग्र वास असतो. त्या वासात बायकांच्या खणखणीत आरोळ्या मिसळल्या की खानदेशात आखाजी आली असं समजावं. अक्षय्य तृतीयेच्या या सणाला माहेरवाशिणी गौराई घेऊन नदीवर येतात, दोन गावांच्या बायका दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. याला म्हणतात बार. वर्षभर सासरी गिळलेलं सारं त्या दिवशी मोकळं होतं. किती शहाणा सण हा!

मी नैरोबीत वाढलेली. सोनगीरजवळच्या एका गावात इंग्रजी शिकवायला आलेली परदेशी बाई. घरी मराठीच बोलायचो, पण चारचौघांत जीभ टाळूला चिकटायची. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, ‘मॅडम, बारात जाणं शिक्षिकेला शोभत नाही.’ जन्मभर शोभेल तेवढंच करत आले होते मी! म्हणूनच गेले.

पण तिथे घरमालकीण सखूअक्काने मला मागे, सावलीत पाटावर बसवलं. पाहुणी ना मी! समोरच्या शिव्या सगळ्यांवर येऊन आदळत होत्या. मला तेवढा वळसा घालून जात होत्या. आदर किती सफाईने माणसाला दाराबाहेर ठेवतो! तसला आदर मला नको होता. मी उठले आणि थेट काठाच्या टोकाशी जाऊन उभी राहिले.

‘ही कापडनी बाहुली कथाईन लई उनात वं?’ मला कुठून आणलं असं विचारत पलीकडून एकीने हाणलं. ‘तिले तोंड शे का नही?’

अक्का पदर खोचून माझ्या वतीने पुढे सरसावली. मी तिचा हात धरला. हे उत्तर माझं होतं.

‘मी समुद्र ओलांडून आले गं!’ माझाच आवाज मला अनोळखी वाटला. ‘तुम्हांला ही कोरडी नदी ओलांडता येईना?’

आमच्या काठाने काय आरोळी ठोकली! ‘बार जिकी लिधा वं मास्तरीननी!’ अक्का नाचू लागली. पण पलीकडची कुठली हार मानायला!

‘समुद्र वलांडीसन उनी, तरी नवरा नही भेटना का वं तुले?’

तुले! मॅडम नव्हे, पाहुणी नव्हे. ज्याला आपल्यातलं मानलं त्यालाच माणूस असं निर्धास्त टोचतो, हे मला त्या तळपत्या उन्हात उमगलं, आणि मी सगळ्यांबरोबर पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘गेला होतात म्हणे?’

‘गेले होते, सर. पुढच्या वर्षीही जाणार,’ मी म्हटलं. ‘एका बाईला उत्तर द्यायचं राहिलंय.’