पार्टीकाकांची एंट्री

पार्टीकाकांच्या नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या घरात शिरलं की समोरच शालू नेसलेल्या एका देखण्या बाईचा फोटो दिसे. शेजारच्या डच आजोबांनी एकदा कौतुकाने विचारलं, "तुमची आजी का?" काका म्हणाले, "नाही, खापरपणजोबा."

हे खापरपणजोबा एकोणिसाव्या शतकात संगीत नाटकांतून नायिका रंगवत. तेव्हा बायका रंगभूमीवर येत नसत. पुढच्या दोन पिढ्याही नाटकातच गेल्या. काकांच्या वडिलांना मात्र त्याची लाज. मुलीला पाहायला पाहुणे येणार म्हटलं की ते हा फोटो पलंगाखाली सरकवत. "मी तो इथे आणला तो दारासमोर लावायलाच," काका म्हणत. एरवी हा माणूस सॉफ्टवेअरमधला, सायकलवरून ऑफिसला जाणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण खापरपणजोबांचा विषय निघाला की कोणाला ऐकायचे नाहीत. "ते नावाजलेले स्त्रीपार्टी होते," असं त्यांनी मुलांना सांगितलं, तर इथे वाढलेली आमची पोरं विचारू लागली, "केक कुठेय?" तेव्हापासून ते पार्टीकाका.

गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी नायिकेचा एक प्रवेश करायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "करा की! धमाल येईल, लोक हसून हसून लोळतील." काका भडकले. "विनोदी नाही हो. मी बाई करणार आहे, बाईची टिंगल नाही."

ते शालू नेसून विंगेतून आले आणि हॉलभर हशा पिकला. शिट्ट्यासुद्धा. काका शांतपणे वळले, विंगेत गेले आणि पुन्हा एंट्री घेतली. पुन्हा हशा, जरा कमी. पुन्हा वळले. तिसऱ्यांदा पदर सावरत त्यांनी पाऊल टाकलं तेव्हा कोणी हसलं नाही. मग ते गायले. अध्यक्षांच्या पत्नी डोळे पुसत होत्या. नंतर मी विचारलं, "परत हसले असते तर?" काका म्हणाले, "हॉल संध्याकाळपर्यंत बुक होता."

गेल्या हिवाळ्यात काका अचानक गेले, हार्ट अटॅकने. मला अजून राग येतो, कोणाचा ते कळत नाही. यंदाच्या मीटिंगला त्यांची मुलगी ईरा आली. मराठीला डचमध्ये उत्तर देणारी ही मुलगी उभी राहून मराठीत म्हणाली, "बाबाच्या जागी मी करणार. राजा."

"अगं, राजाला मिशी लागते, भारदस्त आवाज लागतो," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "लोक हसतील, बाळा."

"हसू दे," ईरा म्हणाली. "बाबा बाई करायचा, मी राजा करणार. आमच्या घरात असंच करतात."